बाबांचं पोट दुखतंय, कॅज्युअल्टीत आणलंय: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी एका जिल्ह्याच्या गावी कॅज्युअल्टीत डॉक्टर आहे. पासष्टीपुढचं पोटदुखीचं माणूस आलं नाही अशी रात्रपाळी क्वचितच जाते. सोबत आलेली मंडळी जे विचारतात ते बहुतेक ठरलेलं असतं, आणि त्या घाईत नीट उत्तर देणं होत नाही. म्हणून हे प्रश्न त्यांच्याच शब्दांत आणि माझी उत्तरं जरा सवडीने. घरबसल्या निदान करायला याचा उपयोग नाही. निघायचं कधी आणि आल्यावर आम्ही असं का वागतो, हे मात्र कळेल.

गॅसच आहे हो डॉक्टर. एक इंजेक्शन द्या, घरी जातो. चालेल ना?

नाही चालणार. निदान तासाभराच्या आत तरी नाही.

प्रत्येक घरी आरोपी आधीच ठरलेला असतो. उपासाचा साबुदाणा, लग्नातलं जेवण, नाहीतर शेजाऱ्यांनी दिलेली आळूवडी. तिशीतल्या मुलाच्या बाबतीत हे बऱ्याचदा खरं निघतं. साठीनंतर हिशेब बदलतो. परदेशी रुग्णालयांचे आकडे पाहिले, तर पोटदुखी घेऊन तातडीच्या विभागात आलेल्या वयस्क रुग्णांपैकी साधारण निम्म्यांना दाखल करावं लागतं आणि पाचांत एकाला तरी ऑपरेशन लागतं. म्हणून या वयात गॅस, पित्त, अपचन आणि बद्धकोष्ठ ही निदानं आम्ही शेवटी करतो, बाकी सगळं तपासून संपल्यावर.

एक साधी खूण सांगतो. उलट्या आहेत पण जुलाब नाहीत, आणि त्याला ‘पोट बिघडलंय’ म्हटलं जातंय, तर मला शंका येते. अडकलेलं आतडं, पित्ताशय, स्वादुपिंड, हृदय, या सगळ्यांची सुरुवात उलटीने होऊ शकते.

पण फार दुखत नाही म्हणतात. मग एवढी धावपळ कशाला?

मला याच पोटाची भीती जास्त वाटते.

तरुण माणसाच्या जठराला भोक पडलं तर पोट फळीसारखं कडक होतं, तो हलत नाही, हात लावू देत नाही. म्हाताऱ्या माणसाच्या पोटाचे स्नायू पातळ झालेले असतात, त्यामुळे तो कडकपणा येतच नाही. आत पू झाला तरी ताप चढेलच असं नाही, कधी अंग उलट गारच लागतं. बीपीसाठी मेटोप्रोलॉल किंवा अटेनोलॉल चालू असेल तर नाडी वाढत नाही. मॉनिटरवर ७२ दिसतं आणि सगळे निर्धास्त होतात. दम्यासाठी किंवा सांध्यांसाठी स्टेरॉइड चालू असेल तर दुखणंही झाकलं जातं. शिवाय बीपी ११० आलं की ‘छान आहे’ असं घरचे म्हणतात, पण ज्यांचं एरवी १६० असतं त्यांच्यासाठी ११० म्हणजे पडलेलं बीपी. एरवी किती असतं हे आम्हाला तुम्हीच सांगू शकता.

त्यात या पिढीचा स्वभाव. एक आजोबा स्वतः चालत आले, खाटेवर गुडघे पोटाशी घेऊन बसले आणि म्हणाले, “काही नाही, जरा जड वाटतंय.” पोट दाबलं तर मऊ, ताप नाही. तरी उभं करून छातीचा एक्स-रे काढला. छाती आणि पोट यांच्यामधल्या पडद्याखाली, उजव्या बाजूला, हवेची बारीक कोर, तृतीयेच्या चंद्रासारखी. आतड्यातली हवा पोटात सुटली होती, म्हणजे कुठेतरी भोक पडलेलं. मुलगा फिल्मकडे बघत म्हणाला, “पण ते तर म्हणाले जड वाटतंय.”

स्मृतिभ्रंश असलेल्यांकडून तर एवढंही ऐकायला मिळत नाही. ताट पुढे सरकवून देणं, अचानक बरळायला लागणं, कधी नुसतं गप्प पडून राहणं, हीच त्यांची तक्रार समजायची.

गुडघ्याच्या गोळीचा पोटाशी काय संबंध?

सरळ संबंध आहे. वरच्या आजोबांच्या खिशात डायक्लोफेनॅकची पट्टी होती. नाक्यावरच्या मेडिकलमधून, चिठ्ठीशिवाय, दिवसाला दोन, तीन महिने. डायक्लोफेनॅक, असेक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन या गोळ्या जठराचं संरक्षक अस्तर कमकुवत करतात. अल्सर होतो, तो रक्त सोडतो किंवा फुटतो. सोबत अ‍ॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल किंवा स्टेरॉइड असेल तर धोका आणखी वाढतो. आणि गोळीच वेदनाशामक असल्यामुळे अल्सर होताना दुखत नाही. बऱ्याचदा पहिलं लक्षण म्हणजे डांबरासारखी काळी, चिकट, वेगळाच वास मारणारी संडास. लोहाच्या गोळ्यांनीही संडास काळी होते, पण ती अशी चिकट नसते.

‘कुणीतरी देतं, गुडघ्याला फार गुण येतो’ अशी कसलीशी पुडी चालू असेल तर तीही घेऊन या. चटकन गुण देणाऱ्या पुड्यांमध्ये स्टेरॉइड किंवा वेदनाशामक कुटून घातलेलं असू शकतं. मी रागावणार नाही. म्हणजे रागावेन, पण नंतर.

पोट दुखतंय तर छातीची पट्टी का काढता?

हृदयाचा खालचा भाग पडद्याला टेकलेला असतो. तिथला झटका ‘वर पोटात जळजळतंय, मळमळतंय’ अशा रूपात येतो. वयस्क माणसांत, बायकांत आणि मधुमेह असणाऱ्यांत तर छातीत दुखतच नाही असंही होतं. ईसीजीला पाच मिनिटं लागतात आणि आल्यापासून १० मिनिटांत तो झाला पाहिजे असा नियम आहे. बिल वाढवायला काढत नाही. छातीचा एक्स-रेही यासाठीच, कारण फुफ्फुसाच्या तळाचा न्यूमोनिया पोटदुखी म्हणून येतो.

शुगरचंही तसंच. शुगर बिघडून रक्तात आम्ल साचलं की पोट दुखतं, उलट्या होतात. डापाग्लिफ्लोझिनच्या जातीची गोळी चालू असेल तर शुगर फार वाढलेली नसतानाही हे घडू शकतं.

आईला कायम पित्ताचा त्रास आहे. आता सोनोग्राफीत ‘पित्ताचे खडे’ आलेत. एकच ना ते?

या एका शब्दाने मराठी घरांत फार घोळ घातलाय. आपण ज्याला ‘पित्त झालंय’ म्हणतो, म्हणजे आंबट ढेकर, छातीत जळजळ, कपाळ दुखणं, ते जठरातल्या आम्लाचं काम. पित्ताशय ही यकृताखालची वेगळी पिशवी. तिच्यातले खडे आम्लामुळे होत नाहीत आणि कोकम सरबताने जात नाहीत.

वयस्क माणसांत पोटाच्या तातडीच्या ऑपरेशनचं सर्वांत नेहमीचं कारण पित्ताशयच आहे. खडा तोंडाशी अडकला की पित्ताशय सुजतं, उजव्या बरगडीखाली दुखतं, कधी दुखणं खांद्याकडे जातं. ताप, कावीळ, उलटी हे सगळं एकत्र येईलच असं नाही. खडा खाली सरकून नळीत अडकला तर कावीळ आणि थंडीताप, म्हणजे नळीत पू. तो रक्तात पसरायला वेळ लागत नाही. तिथून स्वादुपिंडाचं तोंड अडलं तर स्वादुपिंडाला सूज. तेव्हा वर्षानुवर्षं ‘पित्तावर’ घेतलेली गोळी यंदा लागू पडत नसेल, तर गोळी बदलू नका. सोनोग्राफी करून घ्या.

कपडे कशाला काढायला लावता? आईला फार अवघड वाटतं.

वाटणारच, आणि त्यासाठी पडदा आहे, सिस्टर आहेत. पण जांघ बघितल्याशिवाय मी पोट तपासलं असं म्हणू शकत नाही.

एक आजी आठवतात. ऐंशीच्या पुढच्या, नऊवारी नेसलेल्या, अंगाने काडी. तीन दिवस उलट्या. दोन ठिकाणी सलाइन आणि मळमळीचं इंजेक्शन घेऊन आल्या होत्या. दोन्ही ठिकाणी पोट लुगड्यावरूनच दाबून पाहिलेलं. सिस्टरनी पडदा ओढला, आजींशी दोन शब्द बोलल्या, कासोटा सैल केला. उजव्या जांघेच्या घडीत आवळ्याएवढी गाठ, लाल, हात लावताच कळ. आजी म्हणाल्या, “ती होय? ती जुनीच हाय.”

जुनी होतीच. फक्त एरवी आत जायची ती या वेळी गेली नव्हती. हा फेमोरल हर्निया, म्हणजे जांघेतला एक अंतर्गळ. बायकांत जास्त आढळतो आणि तोंड अरुंद असल्यामुळे आत शिरलेलं आतडं चटकन आवळलं जातं. आजींच्या आतड्याचा वीतभर तुकडा काळा पडला होता, तो काढावा लागला. बाराव्या दिवशी घरी गेल्या. पहिल्या दिवशी पाहिलं असतं तर कदाचित आतडं कापायचीही वेळ आली नसती.

याहून लबाड एक प्रकार आहे, तो बाहेरून दिसतच नाही. कृश म्हाताऱ्या बाईला उलट्या होताहेत, पोट फुगलंय आणि मांडीच्या आतून गुडघ्याकडे कळ जातेय, तर ओटीपोटाच्या हाडातल्या फटीत आतडं अडकलेलं असू शकतं. ते बहुधा सीटीवरच कळतं.

घरी अंतर्गळ असेल आणि ‘आडवं झालं की जातो आत’ म्हणून वर्षं काढलेली असतील, तर ज्या दिवशी तो आत जात नाही आणि दुखतो, त्या दिवशी वाट बघायची नाही. जोर लावून ढकलायचाही नाही.

बेंबी सरकलीय म्हणतात. गावात एक मावशी तेल लावून चोळतात, आधी तिकडे नेऊ का?

नको. बेंबी सरकत नाही. आत आतडं आवळलेलं असेल किंवा फुगलेली धमनी असेल, तर चोळण्याने नुकसान होतं, आणि वेळ जातो तो वेगळाच.

पोट मऊ आहे म्हणता, रक्तही बरं आहे म्हणता, आणि तरी चेहरा गंभीर. का?

कारण पेशंट कळवळतोय आणि पोटाला हात लावला तर काहीच सापडत नाही. हे जुळत नाही. वयस्क माणसात असं विजोड दिसलं की मनात पहिलं नाव येतं ते आतड्याचा रक्तपुरवठा तुटल्याचं.

होतं असं. हृदयाचे ठोके अनियमित असतील, म्हणजे एट्रियल फिब्रिलेशन असेल, तर हृदयात गुठळी जमते. ती सुटून मेंदूत गेली तर लकवा, आणि लहान आतड्याच्या मुख्य धमनीत गेली तर हे. सुरुवातीला आतडं आकसतं, एकदोन उलट्या, एकदोन जुलाब होतात आणि ‘गॅस्ट्रो’ असा शिक्का बसतो. पोट मऊ असतं, कारण आतड्याचं बाहेरचं आवरण अजून चिडलेलं नसतं. साधारण सहा तासांत आतड्याला कायमची इजा व्हायला लागते. मग पोट कडक होतं, रक्तातलं लॅक्टेट नावाचं आम्ल वाढतं, बीपी पडतं. तेव्हा निदान कुणालाही करता येतं, पण हातात फारसं काही उरत नाही. हा आजार झालेल्यांपैकी निम्म्याच्या आसपास किंवा त्याहून जास्त दगावतात, ते मुख्यतः या उशिरापायी.

म्हणून मी विचारत बसतो. ठोके अनियमित असल्याचं कुणी सांगितलं होतं का? रक्त पातळ करायची गोळी होती का, आणि ती चालू आहे का? दात काढायचा म्हणून चार दिवस बंद केलेली गोळी पुन्हा सुरूच झाली नाही, ही गोष्ट मी एकदाच ऐकलेली नाही. आणि ‘दुखायला कधी लागलं’ याचं उत्तर ‘संध्याकाळी’ असं नको. ‘बातम्या बघताना, एकदम’ असं सांगा. एकदम सुरू झालेलं दुखणं बहुधा रक्तवाहिनीचं किंवा फुटण्याचं असतं.

याची तपासणी म्हणजे शिरेतून औषध सोडून काढलेला सीटी अँजिओ. साध्या सोनोग्राफीवर याचं निदान बहुधा होत नाही.

पाठीत, कुशीत कळ आहे. मूतखडा असेल का? आधी कधी झाला नव्हता.

विशीत-चाळिशीत पहिला मूतखडा होतो. साठीनंतर, विशेषतः वर्षानुवर्षं विडी-सिगारेट ओढलेल्या पुरुषात, आयुष्यातला ‘पहिलाच मूतखडा’ म्हटलं की आधी महाधमनी बघायची. पोटातली महाधमनी एरवी साधारण २ सेंटीमीटर रुंद असते. ३ च्या वर गेली की तो फुगा धरतात, आणि पुरुषांत ५.५ सेंटीमीटरला ऑपरेशनचा विचार सुरू होतो. फुगा झिरपायला लागला की दुखणं तंतोतंत मूतखड्यासारखं, लघवीत रक्ताचा अंशही सापडू शकतो. कळ आली, घेरी आली, घाम फुटला, मग बरं वाटलं, ही हकिगत ऐकली की मी सोनोग्राफीचं यंत्र खाटेशी आणतो. धमनीची रुंदी बघायला दोन मिनिटं पुरतात.

तीन दिवस संडास झालेली नाही. एनिमा देऊन टाका ना.

आधी सांगा, वारा सरतोय का? संडास नाही आणि वाराही नाही, पोट ढोलासारखं फुगलंय, उलट्या होताहेत, तर ही बद्धकोष्ठाची बाब राहिली नाही. रस्ता बंद झालाय. अशा वेळी घरी दिलेलं एरंडेल किंवा जुलाबाची गोळी म्हणजे बंद नळावर पंप चालवणं.

बंद होण्याची कारणं वयाप्रमाणे बदलतात. पूर्वी पोटाचं ऑपरेशन झालं असेल, अगदी ४० वर्षांपूर्वी पिशवी काढली असेल, तरी आतल्या चिकटण्यांमुळे लहान आतडं अडकू शकतं. म्हणून जुना व्रण कसला, हे विचारतो. मोठं आतडं बंद झालं तर कॅन्सरची गाठ हे एक कारण, आणि आतड्याला पीळ पडणं हे दुसरं. पीळ पडलेलं आतडं एक्स-रेवर भल्यामोठ्या कॉफीच्या बीसारखं दिसतं. एकदा पाहिलं की विसरत नाही. अंथरुणाला खिळलेल्या, वर्षानुवर्षं कोठा जड असलेल्या माणसांत हे जास्त. आतडं काळं पडलेलं नसेल तर दुर्बिणीने पीळ सोडवता येतो, वारा असा सुटतो की खोलीतल्या सगळ्यांना कळतं. पण तो पुन्हा पडायची शक्यता मोठी, म्हणून नंतर ठरवून ऑपरेशन करावं लागतं.

आणि हो, नुसता घट्ट मळ अडकल्यानेही सगळं तुंबतं, तो बोटाने काढावा लागतो. कुणालाच आवडत नाही, पण पेशंट अर्ध्या तासात हसायला लागतो.

लघवी तुंबल्याने एवढं पोट दुखतं?

दुखतं. प्रोस्टेटच्या बाबांना सर्दीची गोळी दिली आणि लघवी बंद झाली, हे नेहमीचं. बेंबीखाली कडक गोळा लागतो. नळी टाकली की लिटरभर लघवी येते आणि बाबा आशीर्वाद देतात. कॅज्युअल्टीतले हे थोडे आनंदाचे क्षण.

पहाटे झोपेतून उठले तेच पोट धरून. काही चावल्याचं म्हणत नाहीत. साप कसा असेल?

जमिनीवर झोपले होते का, आणि पावसाळ्याचे दिवस आहेत का? मण्यार रात्री अंथरुणात शिरते, तिचा दंश बहुधा दुखत नाही, खूणही दिसेलच असं नाही. काही तासांनी पोटात कळा, उलटी, मग पापण्या जड होणं, गिळायला त्रास, शेवटी श्वास. वयस्क माणसाच्या पापण्या आधीच ओघळलेल्या असतात, त्यामुळे चटकन लक्षात येत नाही. म्हणून मी “वर बघा, डोळे उघडे ठेवा” असं सांगत उभा राहतो. शेतावर वस्तीला राहणाऱ्यांनी ही शक्यता स्वतःहून बोलून दाखवा.

एका बाजूला पट्ट्यासारखं जळतंय, कपडा लागला तरी सहन होत नाही.

नागीण असू शकते. पुरळ येण्याच्या दोन-चार दिवस आधीपासून दुखतं. रोज पाठ-पोट उघडून बघा, पुरळ दिसल्यापासून ७२ तासांत औषध सुरू झालं तर बरं. तोंडाशी तोंड मिळालं की माणूस मरतो वगैरे काही नाही.

आधी दुखायचं थांबवा. पण आमचे एक नातेवाईक म्हणतात, इंजेक्शन दिलं तर आजार झाकला जातो.

ही समजूत डॉक्टरांतही शंभरेक वर्षं होती. तेव्हा सीटी नव्हता, सर्जनचा हात एवढंच साधन. आता असं धरत नाहीत. मोजूनमापून दिलेल्या वेदनाशामकाने निदान चुकत नाही, उलट पेशंट शांत पडला की पोट नीट तपासता येतं. शिरेतून पॅरासिटामॉल, गरज पडली तर मॉर्फिनच्या जातीचं औषध थोड्या मात्रेत. डायक्लोफेनॅकचं इंजेक्शन मात्र मी या वयात टाळतो. घरून निघताना तुम्हीही देऊ नका. पाणीही घोटभरच, औषध गिळण्यापुरतं. चहा, दूध, सोडा काही नको, भूल द्यायची वेळ आली तर पोट रिकामं असलेलं बरं.

सीटीच्या औषधाने किडनी जाईल असं वाचलं.

किडनी आधीच अशक्त असेल तर धोका असतो, म्हणून रक्तातलं क्रिएटिनिन बघतो (किडनी किती काम करते ते त्यावरून कळतं), सलाइन देतो, गरजेप्रमाणे मेटफॉर्मिन दोन दिवस थांबवतो. पण आतडं मरतंय की नाही हे ठरवायचं असेल तर क्रिएटिनिनची वाट बघत बसणं परवडत नाही. तरुणांत मी किरणांचा विचार करून सीटी टाळतो. सत्तरीत टाळत नाही. हाताला जे कळलं नाही ते सीटी दाखवतो आणि निर्णय बदलतो, असं इतक्यांदा पाहिलंय की यावर मी वाद घालत नाही.

रक्ताचे रिपोर्ट नॉर्मल आलेत. मग दाखल कशाला?

पांढऱ्या पेशी नॉर्मल असूनही अपेंडिक्स फुटलेलं निघतं. वयस्क माणसांत अपेंडिक्सचा आजार तुलनेने कमी, पण झाला तर आमच्याकडे येईपर्यंत बऱ्याचदा फुटलेलाच असतो. चार-सहा तासांनी त्याच डॉक्टरने त्याच पोटाला पुन्हा हात लावणं ही मोठी तपासणी आहे. त्यासाठी ठेवतो.

वय ८२ आहे. ऑपरेशन करून उपयोग आहे का? खरं सांगा.

खरं सांगायचं तर वयाच्या आकड्यावरून मला फार थोडं कळतं. मी विचारतो, गेल्या महिन्यात ते काय करत होते? दूध आणायला चौकात जात होते, की खाटेवरून उठायला माणूस लागत होता? ८२ वर्षांचा पहिला माणूस ६८ वर्षांच्या दुसऱ्यापेक्षा ऑपरेशन बरं सोसतो. हृदय, फुफ्फुस, किडनी, अंगावरचं मांस, बुद्धी शाबूत आहे का, हे सगळं धरून भूलतज्ज्ञ अंदाज देतात. तो अंदाजच असतो.

मधले मार्गही असतात आणि ते विचारून घ्यावेत. पित्ताशयात पू असेल आणि भूल सोसणार नसेल तर सोनोग्राफीखाली बारीक नळी घालून पू काढता येतो. नळीत अडकलेला खडा तोंडातून दुर्बीण घालून निघतो. कॅन्सरने बंद झालेल्या मोठ्या आतड्यात काही ठिकाणी जाळी बसवता येते. आणि काही वेळा ऑपरेशन न करणं, दुखणं थांबवून घरच्या माणसांत ठेवणं, हाही उपचारच. तो निवडलात म्हणून तुम्ही कुणाला ‘सोडून दिलं’ असं होत नाही.

माझी तक्रार एकच. हा सगळा खल कॉरिडॉरमध्ये होतो. मुलगा, सून, पुण्याचा जावई, फोनवर न्यू जर्सीची लेक. आणि ज्यांचं पोट आहे ते चार पावलांवर पडदा बघत पडलेले. “त्यांना काही सांगू नका, धीर सोडतील.” बऱ्याचदा ते शुद्धीवर असतात आणि त्यांचं मत ठाम असतं. एका आजींनी सगळं ऐकून घेतलं आणि मला म्हणाल्या, “काप की. नातीचं लगीन बघायचंय.” विचारा त्यांना. आणि आमच्याशी बोलायला घरातलं एकच माणूस ठरवा, म्हणजे लेकीला एक आणि जावयाला एक असं ऐकायला मिळणार नाही.

येताना काय आणायचं?

गोळ्यांची पिशवी. यादी नको, पिशवीच. ती खाटेवर उलटी केली की अर्धी हकिगत तिथेच कळते. एकाच औषधाच्या दोन कंपन्यांच्या पट्ट्या, संपलेली रक्त पातळ करायची गोळी, शेजाऱ्यांची गुडघ्याची गोळी. जुना ईसीजी, जुने डिस्चार्ज कार्ड. चष्मा आणि कानाचं यंत्र, कारण त्यांच्याशिवाय दाखल झालेलं म्हातारं माणूस रात्रीतून गोंधळतं आणि आम्हाला वाटतं आजार वाढला. दातांची कवळी डबीत. आधार कार्ड.

गाडी नसेल तर १०८. महाराष्ट्रात ही सेवा २०१४ पासून आहे, फुकट आहे, आणि रुग्णवाहिकेत डॉक्टर असतो. घेरी आली असेल, घाम फुटला असेल तर दुचाकीवर मध्ये बसवून आणू नका.

खर्चाचं काय?

सत्तरी ओलांडलेल्यांना आयुष्मान वय वंदना कार्डावर वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार मिळतात, उत्पन्नाची अट नाही. २०२४ च्या ऑक्टोबरात ते सुरू झालं. त्याखालच्या वयाला महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. दोन्ही फक्त योजनेतल्या रुग्णालयांत चालतात, तिथे आरोग्यमित्राचं टेबल असतं. कार्ड आजच काढून ठेवा, रात्री दोन वाजता सर्व्हर चालेलच असं नाही.

तपासून घरी सोडलंय. परत कधी यायचं?

काही सापडलं नाही म्हणून सोडलंय, काही नाही म्हणून नव्हे. दुसऱ्या दिवशी कुणाला तरी पोट दाखवाच. त्याआधी दुखणं वाढलं, उलटी थांबेना, वारा सरेना, पोट फुगलं, घेरी आली, काळी किंवा रक्ताची संडास झाली, लघवी सहा-आठ तास झाली नाही, किंवा माणूस नेहमीसारखा वाटत नाही, तर लगेच या. ‘कालच तर दाखवलं, डॉक्टर काय म्हणतील’ म्हणून थांबू नका. येताना कालचा केसपेपर आणा. काल पोट कसं लागलं होतं ते त्यावर लिहिलेलं असतं, आणि आजच्या माझ्या हाताला तेच आधी बघायचं असतं.